आसाचं माप

हर्णै बंदरात, बर्फाच्या कारखान्याला टेकून
माझी टपरी. सहा फूट बाय सात.
पाटीवर लिहिलंय : सर्व मोबाईल दुरुस्त होतील.
त्याखाली, नंतर, वेगळ्या रंगात : चार्जिंग दहा रुपये.

टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
त्यात वायरींचं भेंडोळं.
जाड पिन, बारीक पिन, गोल, चपटी,
आणि एक पट्टीसारखी रुंद, जिचा फोन
या बंदरात आता कुणाकडेच नाही.
फेकवत नाही. फेकली की दुसऱ्या दिवशी
गिऱ्हाईक येतंच.

परवा गोपीचंद चोगले पेपर घेऊन आला,
चार दिवसांची फेरी करून,
पापण्यांवर मीठ, बोटांना म्हाकुळाची शाई.
"वाच. म्हणे सगळ्या फोनांना एकच भोक."
मग स्वतःच हसला :
"आमच्या जाळ्याचं मोजून झालं,
आता तुझ्याकडे निघालेत."

जाळ्याचं खरं आहे.
गेल्या हंगामात साहेब पट्टी घेऊन वाळूत बसले होते,
आसाला लावून मिलिमीटर वाचत.
पिल्लं निसटली पाहिजेत, म्हणाले.
तांडेल कुरकुरले. एकानं दोन जाळी ठेवली,
त्यातलं एक फक्त साहेबांना दाखवायला.
तरी निसटलेल्यातलं थोडं
यंदा मोठं होऊन आलं असेल.
कोण मोजणार?

मी माझा हिशेब केला.
वायरी विकून टपरीचं भाडं निघतं.
उद्या घरोघरी एकच वायर झाली
तर लोक शेजारून मागून आणतील, विरजणासारखी,
आणि मी बर्फाकडे बघत बसेन.
कंपन्या म्हणतात, हात बांधलेत तर नवं सुचणार नाही.
आजवर काय सुचलं?
दर तीन वर्षांनी भोक जरा अरुंद.

पण समजा, खरंच कुणाला बरं काही सुचलं
आणि तोवर कायदा कपाटात निजलेला असला?
आमच्या धक्क्याची फाइल
माझ्या लग्नाआधीपासून फिरतेय,
मुलगी आता दहावीला आहे.

हे सगळं मी चोगल्याला सांगत होतो,
आणि आठवत होतं वादळाचं साल.
नऊ दिवस वीज नाही. कारखान्याचा जनरेटर,
एक बोर्ड, आणि रांगेत फोनच फोन,
प्रत्येकावर नाव लिहिलेली चिकटपट्टी.
धनबहादूर, नेपाळचा खलाशी,
त्याची वायर होडीबरोबर गेली.
डब्यातल्या एकशे बारा वायरी
मी एकेक लावून पाहिल्या.
काही आत जात, पण धरत नव्हत्या.
"माझा फोन घे, कर घरी," म्हटलं.
तो म्हणाला, "नंबर यातच आहे."
आणि मेलेला फोन शर्टाला पुसला.

दहाव्या दिवशी दापोलीहून वायर आली.
फोन उठला आणि थांबेचना,
टुंग टुंग टुंग, पाच मिनिटं.
त्यानं एकही वाचला नाही आधी.
नुसता तळव्यात धरून उभा राहिला.

त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं
तर मी अंगठासुद्धा दिला असता.

आज कुणी विचारलेलं नाही.
आज शुक्रवार, जैतूनबी आली,
ओट्यावर सुकटीची पाटी टेकवून.
तिचा बटणांचा फोन, सुईसारखी गोल पिन,
तसली वायर आता रत्नागिरीतही मिळत नाही.
मी ती डब्यात ठेवत नाही,
वेगळी, रबर लावून, गल्ल्यात ठेवतो.
पेपरातलं तिला वाचून दाखवलं.
ऐकून घेतलं तिनं शेवटपर्यंत. मग म्हणाली,
"एकच करतायत तर करू देत.
पण हा मेल्याशिवाय मी दुसरा घेणार नाही,
आणि हा मरत नाही."

मग दहाची नोट काढता काढता थांबली :
"सगळ्यांना एकच पिन झाली,
तर दर काय ठेवशील?"